कामगंध सापळ्यात रानमाश्या मरतायत. काय करता येईल?

रानजाई

नमस्कार मंडळी. दोन दिवस विचार करत होते की यावर धागा काढावा का. आज काढतेच.

मक्यातल्या लष्करी अळीसाठी मी चार नरसाळे सापळे लावले आहेत. वर हिरवी टोपी, मधे पिवळं नरसाळं, खाली पांढरं भांडं. दर आठवड्याला भांडं कागदावर उपडं करते, पतंग मोजते आणि वहीत आकडा लिहिते. पतंग सोडून जे निघायचं ते आजवर "इतर" म्हणून झटकून टाकत होते.

परवा हात थांबला. पतंगांच्या खवल्यांच्या राखाडी भुकटीत एक माशी उताणी पडली होती. तळहातावर घेऊन हलकी फुंकर मारली तर भुकटी उडाली आणि पोटावर निळे पट्टे चमकले. मागच्या पायांच्या केसांत परागकण तसेच्या तसे, गच्च भरलेले. म्हणजे ही बाई घरट्याकडे निघाली होती. मग चिमटा घेऊन सगळं भांडं वेचलं. तशाच आणखी दोन, एक मोठा काळा भुंगा, आणि चार-पाच बारक्या माश्या, ज्यांना मी इतके दिवस चिलटं समजत होते.

मक्याला लागूनच टोमॅटो आणि भोपळा फुलावर आहे. फवारणी कमी करावी म्हणून तर सापळे आणले, आणि त्यात फळं धरणारीच मरायला लागली तर कसं चालेल? तुमच्याकडे असं होतं का? सापळा न काढता हे थांबवता येतं का?

---

चंद्रकोर

होतं. आणि मीही "इतर" म्हणूनच झटकत होते. वाचून पोटात कालवलं.

---

मातीतला माणूस

रानजाईताई, तुमची कळकळ समजते, पण जरा प्रमाण बघा. एका चुकीच्या वेळच्या फवारणीत जितक्या माश्या मरतात तितक्या तुमच्या चार सापळ्यांत दहा हंगामांतही मरणार नाहीत. सापळ्यामुळे तुम्हाला कळतं की पतंग वाढलेत की नाहीत, म्हणून तुम्ही उगाच फवारत नाही. आठ-दहा माश्यांसाठी सापळ्यावर संशय घेतला तर लोक पुन्हा पंपाकडे वळतील. मी वीसेक वर्षं सापळे वापरतोय, माझी भोपळ्याची फळधारणा कधी कमी झालेली नाही.

---

कीटकवेडा

काका, सापळा काढा असं ताई म्हणतच नाहीत. मरणं कमी कसं करायचं ते विचारतायत, आणि ते बऱ्यापैकी जमण्यासारखं आहे. मी कीटकशास्त्र शिकतो, थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घेऊ की माशी तिथे येते कशाला. कामगंध म्हणजे पतंगाच्या मादीचा वास. तो त्या जातीच्या नरासाठी असतो, मधमाशीला किंवा भुंग्याला त्याचं सहसा काही देणंघेणं नसतं. माशी येते रंगावर.

जगातले संशोधक रानमाश्यांची पाहणी करतात तेव्हा काय वापरतात? साबणाच्या पाण्याने भरलेल्या छोट्या वाट्या. त्यांचे रंग ठरलेले: निळा, पिवळा आणि पांढरा. दुसरं साधन म्हणजे पिवळ्या भांड्यावर निळ्या पात्या बसवलेला सापळा. त्यात कसलाही वास नसतो, तरी माश्या भरभरून येतात. आता ताईंचा सापळा डोळ्यांसमोर आणा. पिवळं नरसाळं, पांढरं भांडं. पतंगासाठी म्हणून आपण जवळजवळ माश्या पकडायचंच यंत्र टांगलंय.

अमेरिकेत युटामध्ये यावर काम झालं, ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. असेच तीन रंगांचे सापळे आणि पूर्ण हिरवे सापळे वापरून तुलना केली. बंबलबी, म्हणजे थंड प्रदेशातल्या मोठ्या केसाळ माश्या, रंगीत सापळ्यात जास्त सापडल्या आणि हिरव्यात कमी.

दुसरं, आत गेलेली माशी बाहेर का पडू शकत नाही? घाबरलेली माशी उजेडाकडे धावते. पांढरं भांडं अर्धपारदर्शक असतं, चहूबाजूंनी उजेड झिरपतो. ती भिंतीवर धडका देत राहते आणि डोक्यावरचं नरसाळ्याचं अरुंद तोंड तिला सापडतच नाही.

---

खोडकीड

थोडक्यात, आवतण पतंगाला आणि जेवायला बसले भुंगे :)

---

मोजपट्टी

मातीतला माणूस यांच्या प्रमाणाच्या मुद्द्याशी मी निम्माच सहमत आहे. मधमाशीच्या पोळ्यातून दहा कामकरी गेल्या तर पोळ्याला काही कळतही नाही. तिथे हजारो असतात, आणि राणी भर हंगामात दिवसाला हजारावर अंडी घालते. निळ्या पट्ट्यांची माशी एकटी राहते. तीच राणी, तीच कामकरी. जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ कोरते, एकेका कोठडीत पराग आणि मध कालवून ठेवते, वर एक अंडं घालते आणि तोंड बंद करते. अशा माशीची हयातभराची अंडी वीस-तीसच्या आसपास. पायाला पराग असताना ती मेली म्हणजे ती कोठडी अर्धवट राहिली आणि पुढच्या सगळ्या कोठड्या झाल्याच नाहीत.

तेव्हा "दहा माश्या" हा आकडा पोळ्यातल्या दहा आणि एकट्या राहणाऱ्या दहा यांच्यासाठी सारखा धरता येत नाही.

---

चंद्रकोर

मोजपट्टी, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मेलेली प्रत्येक मादी एक अख्खं घर.

---

मोजपट्टी

हो. बंबलबीचं तर आणखी नाजूक. थंडीत सगळी वसाहत मरते, उरते फक्त नवी राणी. वसंतात ती एकटी बाहेर पडते, जागा शोधते, पहिली पिल्लं स्वतः वाढवते. त्याच दिवसांत सापळे टांगले आणि ती आत गेली तर वसाहत सुरू व्हायच्या आधीच संपली.

---

बांधावरची

मला एक अगदी प्राथमिक शंका आहे. रानमाश्या म्हणजे नक्की कोण? आग्या, सातेरी, फुलोरी की आणखी कुणी?

---

कीटकवेडा

चांगला प्रश्न विचारलात. जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. पोळं बांधून मध साठवणाऱ्या खऱ्या मधमाश्या त्यातल्या डझनभरही नाहीत. बाकीच्यांतल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या, आणि त्यातही बऱ्याच जमिनीत बीळ करणाऱ्या. पानातून गोल चकत्या कापून नेणारी पानकापी माशी तुम्ही पाहिली नसेल, पण गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल नक्की पाहिले असतील. वाळक्या लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा त्यांच्यातलाच. घामावर येऊन बसणाऱ्या बारक्या हिरवट-काळ्या माश्याही त्यांच्यातल्याच. ताईंनी ज्यांना चिलटं समजून टाकलं त्या बहुधा याच असाव्यात.

आणि ताईंच्या टोमॅटोचा यात थेट संबंध आहे. टोमॅटो-वांग्याचे पराग उघड्यावर नसतात. ते परागकोशाच्या नळीत असतात आणि नळीला टोकाशी बारीक छिद्र असतं. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा भुंगा फुलाला जबड्याने धरून लटकतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. आवाज बदलतो, एकदम चिरका होतो, आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसे पराग खाली पडतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. सकाळी टोमॅटोच्या ओळीत दोन मिनिटं गप्प उभं राहिलात तर तो आवाज वेगळा ओळखू येईल.

---

रानजाई

कीटकवेडा, खूप आभार. तो चिरका आवाज मी रोज ऐकते हो! माशी फुलात अडकली असेल म्हणून ओरडतेय असं वाटायचं मला.

---

निळी शाई

माझं दुखणं जरा वेगळं आहे, पण त्याच घरातलं. शेडनेटमधल्या काकडीत फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावले होते. चौथ्या दिवशी एका पट्टीवर एक माशी जिवंत होती. दोन पाय आणि एक पंख चिकटलेले, उरलेला पंख भिरभिरत होता. काडीने सोडवायला गेले तर पाय पट्टीवरच राहिला. तेल लावून पाहिलं. सुटली, पण पंख असे गुंडाळले गेले की उडणं शक्यच नव्हतं. पानावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती, सकाळी नव्हती. त्या दिवशी सगळ्या पट्ट्या उतरवल्या, आणि मग फुलकिडे वाढले ते वेगळंच. धड हे नाही, धड ते नाही अशी गत झाली.

---

पाऊलवाट

निळी शाई, पट्ट्या पूर्ण काढायची गरज नव्हती. आम्ही असं करतो: पट्टीभोवती बारीक तारेची जाळी, दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून. जाळीचं भोक माशीच्या अंगापेक्षा लहान, पण फुलकिड्याला आणि पांढऱ्या माशीला मोकळं मैदान. मोठी माशी जाळीला टेकून परत जाते. अगदी बारक्या माश्या तरी जातातच, ते कबूल करते. पण पाली आणि चिमण्या चिकटायच्या थांबल्या, हा फायदा वेगळा.

दुसरं म्हणजे निळ्याऐवजी पिवळ्या पट्ट्या लावून पाहा. फुलकिडे पिवळ्यावरही येतात. माश्या पिवळ्यावरही येतात म्हणा, पण आमच्याकडे निळ्यावर जास्त चिकटायच्या. आणि मोजणीपुरत्या पट्ट्या ठेवायच्या असतील तर चार ठिकाणी पुरतात, ओळीने पताका लावल्यासारख्या लागत नाहीत.

---

मातीतला माणूस

मोजपट्टी, वीस-तीस अंड्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. मी पोळ्याच्याच हिशेबाने बोललो. शब्द मागे घेतो.

पण आता हिरव्या रंगाबद्दल विचारतो. सापळा हिरवा केला आणि पतंगच कमी आले तर? मग माझा आकडा खोटा होईल आणि मी गाफील राहीन. रंग बनवणाऱ्याने काही विचार करूनच दिला असेल ना?

---

कीटकवेडा

काका, शंका रास्त आहे. रात्री उडणारा नर मुख्यतः वासावर येतो, पण अगदी जवळ आल्यावर डोळ्यांनी दिसणारी आकृतीही काम करते. लष्करी अळीच्या बाबतीत तर जुन्या कामांत रंगीत सापळ्यात नुसत्या हिरव्यापेक्षा जास्त नर आल्याचं दिसलंय. म्हणून हे पीकनिहाय, कीडनिहाय तपासावं लागतं. सगळ्यांना एकच रंग सांगता येणार नाही.

पण एक लक्षात घ्या. मोजणीसाठी सापळा असेल तेव्हा एकूण किती आले यापेक्षा गेल्या आठवड्याच्या मानाने किती वाढले हे महत्त्वाचं. सगळे सापळे एकाच रंगाचे असले आणि हंगामभर तेच ठेवले तर चढ-उतार दिसतोच. गोंधळ होतो तो अर्ध्या हंगामात रंग बदलला की. शिवाय किती पतंगांना फवारणी करायची हा ठरलेला आकडा ज्या सापळ्यावर बसवलाय तो रंगीत असेल, तर हिरव्या सापळ्याला तो जसाच्या तसा लावू नका. आधी दोन्ही शेजारी ठेवून फरक किती पडतो ते पाहा.

सफरचंदाच्या बागांत डेल्टा सापळे असतात, तंबूसारखे, तळाला चिकट पट्टी. ते पूर्वी सर्रास पांढरे असायचे आणि त्यात मधमाश्या अडकायच्या. न्यूझीलंडमध्ये आणि नंतर अमेरिकेत वेगवेगळे रंग लावून पाहिले गेले. पांढऱ्यात माश्या जास्त, लाल-हिरव्यात कमी. आज बाजारात नारिंगी डेल्टा सापळे दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

---

बांधावरची

लाल रंग तर आपल्याला सगळ्यात आधी दिसतो. माशीला दिसत नाही?

---

कीटकवेडा

जवळजवळ काळाच दिसतो. आपले डोळे लाल, हिरवा, निळा यांवर चालतात. माशीचे हिरवा, निळा आणि अतिनील यांवर. तिचा पट्टा आपल्यापेक्षा जांभळ्याच्या पलीकडे सरकलेला आहे, म्हणून अतिनील दिसतं आणि लाल सुटतं.

हे शोधलं कसं तेही सुंदर आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग. टेबलावर राखाडी रंगाच्या वेगवेगळ्या छटांचे चौकोन मांडले, मधे एक निळा. निळ्यावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. मग साखरपाणी काढून टाकलं, चौकोनांच्या जागा बदलल्या. माश्या तरीही निळ्यावरच उतरल्या. नुसता उजेड-अंधार कळत असता तर कुठल्या ना कुठल्या राखाडीशी गल्लत झाली असती. लाल रंगावर हाच प्रयोग केला तेव्हा मात्र त्या लाल आणि गडद राखाडी यांत फसल्या. फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यात माशीच्या नाचाचा अर्थ लावण्याचं कामही होतं.

---

खोडकीड

शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो.

---

वाऱ्याची झुळूक

अवांतर होईल, पण कामगंधाचा विषय निघालाच आहे म्हणून. पहिला कामगंध रेशमाच्या पतंगाचा ओळखला गेला, १९५९ साली. अडॉल्फ ब्युटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी वापरल्या आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम द्रव्य. आज आपण बोटाएवढी रबरी टोपी सापळ्यात सहज अडकवतो, तिच्यामागे ही एवढी खटपट आहे.

---

मोजपट्टी

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. वास इतका नेमका असल्यामुळेच आपण गाफील राहिलो. "कामगंध फक्त त्याच किडीला ओढतो" हे खरं, पण सापळा म्हणजे नुसता वास नाही. त्याला रंग आहे, आकार आहे, उंची आहे.

---

शेवंती

सगळेच वास असे नेमके नसतात. जपानी भुंगेऱ्याच्या सापळ्यांबद्दल वाचलं होतं. तिथे कामगंधाच्या जोडीला फुलांचे वास घालतात, जिरॅनिऑल आणि युजेनॉल. जिरॅनिऑल म्हणजे गुलाबाच्या वासातला एक घटक, आणि मधमाशीच्या स्वतःच्या हाकेच्या गंधातही तो असतो. त्यात सापळा पिवळा. मग माश्या येणार नाहीत तर काय?

---

कीटकवेडा

शेवंती, बरोबर पकडलंत. त्यावर २०१९ साली काम प्रसिद्ध झालंय. मिश्रणातून जिरॅनिऑल वगळलं आणि सापळा हिरवा किंवा तपकिरी केला तर माश्या कमी होतात. म्हणजे ल्यूर (सापळ्यात अडकवायचं वासाचं आमिष) घेताना तो निव्वळ कामगंध आहे की फुलांचा अर्क घातलेला आहे हे विचारायला हवं. पाकिटावर लिहिलेलं असतं, फक्त अक्षरं बारीक असतात.

---

निळी शाई

आणि फळमाशीचे बाटली सापळे? त्यात आम्ही गोड पाण्याचं आमिष घालतो.

---

पाऊलवाट

गोड आमिष असेल तर मधमाशी येणारच. दोन गोष्टी करता येतील. एक, गोड पाणी बंद करून ल्यूर वापरायचा: फळबागेतल्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल, वेलवर्गीय भाज्यांतल्या फळमाशीला क्यू ल्यूर. ते नर फळमाशीसाठी असतात. दोन, बाटलीची भोकं फळमाशीपुरतीच ठेवायची. आम्ही तापलेल्या खिळ्याने पाडतो. मोठी भोकं पाडली की भुंगाही आत आणि गांधीलमाशीही आत. आंबट आमिष चालत असेल तर व्हिनेगर. मधमाशी त्याच्या वाटेला फारशी जात नाही.

---

चंद्रकोर

प्रकाश सापळ्यांचं कुणी बोललं नाही. माश्या रात्री झोपतात म्हणून ते तरी सुरक्षित ना?

---

कीटकवेडा

बहुतेक माश्या झोपतात, सगळ्या नाही. आग्या माशी चांदण्या रात्री चरायला बाहेर पडते, दिव्यावरही येते. आणि भुंग्याची एक जात पूर्ण निशाचर आहे, चंद्र नसतानाही नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात उडते आणि त्या उजेडात रंगही ओळखते. भीमाशंकरच्या जंगलात संशोधकांनी हे तपासून २००८ साली प्रसिद्ध केलंय. त्यामुळे दिवा रात्रभर जळत ठेवू नये. सांज पडल्यावर दोन-तीन तास लावून बंद करावा. भुंगा वाचेल आणि त्याच्यासोबत ढालकिडे, क्रायसोपासारखे मित्रकीटकही वाचतील.

---

मातीतला माणूस

हे बाकी मी करतो, दिवा दहाला बंद.

एक माझ्याकडची युक्ती सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर. मक्याचा पतंग रात्रीचा, माशी दिवसाची. माझे सापळे घराजवळ सहाच आहेत. पूर्वी पावसापासून ल्यूर वाचवायला म्हणून सकाळी त्यांवर पोतं टाकायचो आणि संध्याकाळी काढायचो. आता लक्षात येतंय की त्या दिवसांत सापळ्यात भुंगे नसायचे. तेव्हा ते पोत्यामुळे असेल असं मनातही आलं नाही. मोठ्या रानात हे जमणार नाही, पण दोन-चार सापळे असतील तर पाच मिनिटांचं काम आहे.

---

रानजाई

काका, हे फारच छान! चारच आहेत माझे, उद्यापासून करते. पण मधूनमधून मी आठवडाभर घरी नसते, म्हणून हिरव्या रंगाचाही प्रयोग करून पाहणार आहे.

---

मोजपट्टी

करणार असाल तर नीट करा, म्हणजे आम्हालाही उपयोग होईल. चारपैकी दोन हिरवे, दोन तसेच, आणि त्या काळात पोतं कुठल्याच सापळ्यावर नको. सगळ्यांत ल्यूर एकाच दिवशी बदललेला. दर आठवड्याला त्यांच्या जागा आपसांत बदला, नाहीतर फुलांच्या जवळचा सापळा आपोआप जास्त माश्या धरेल आणि दोष रंगाला जाईल. आणि "इतर"साठी वहीत वेगळा रकाना.

---

शेवंती

रंग दिल्यावर आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. ताज्या रंगाच्या वासात ल्यूर हरवेल. आणि भांडं आतून नको, बाहेरूनच रंगवा. उजेड अडला की झालं.

---

वाऱ्याची झुळूक

मेलेल्या माश्या टाकू नका अशी विनंती. वाळवून, तारीख आणि पीक लिहून डबीत ठेवा. अमेरिका-कॅनडात किडींच्या सापळ्यांत मिळालेल्या माश्यांवरून कुठली जात कुठे आहे याच्या नोंदी झाल्यात. पतंगांच्या पाहणीचे सापळे दरवर्षी शेकडो शेतांत तसेही लागतातच, माश्या शोधायला एवढं कोण फिरणार? मेल्या त्या मेल्या, निदान कोण होत्या ते तरी कळेल.

---

चंद्रकोर

हे वाचून बरंही वाटलं आणि वाईटही.

---

खोडकीड

+१. आणि धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

---

रानजाई

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आले. हिशेब द्यायचा होता.

मोजपट्टींनी सांगितलं तसंच केलं. दोन सापळे गडद हिरवे, नरसाळ्यासकट. दोन जुनेच. दर रविवारी जागा बदलल्या. पतंग हिरव्यात थोडे कमी आले, पण चढ-उतार दोन्हीकडे सारखा होता. तिसऱ्या आठवड्यात आकडा वर गेला तो चारही सापळ्यांत. रंगीत दोन सापळ्यांत मिळून अकरा माश्या निघाल्या, त्यात पाच निळ्या पट्ट्यांच्या. हिरव्या दोघांत मिळून दोन, दोन्ही बारक्या. भुंगा एकाही हिरव्यात नव्हता.

शेवटच्या आठवड्यात भोपळा पूर्ण फुलावर होता. तेव्हा दोन्ही रंगीत सापळे सरळ उतरवले. मक्याचे तुरे येऊन गेलेले, पतंगांचा आकडा खाली होता, दोन सापळ्यांवर भागलं. हे आधीच करायला हवं होतं. गरज संपल्यावरही सापळा लटकत राहतो, ल्यूरचा वास उडून जातो आणि पिवळा रंग मात्र माश्या बोलवत राहतो. माझे गेल्या वर्षीचे सापळे पीक निघाल्यावरही महिनाभर बांधावर लोंबत होते. तेव्हा त्यात काय गेलं असेल ते आता कळायला मार्ग नाही.

---

मोजपट्टी

चार सापळे, सहा आठवडे, यावरून छातीठोक काही म्हणता येत नाही. पण जागा बदलूनही फरक टिकला हे महत्त्वाचं आहे. पुढच्या हंगामात मीही लावतो, म्हणजे दोन ठिकाणचे आकडे होतील.

---

मातीतला माणूस

तीन करा. मी पण लावतो. आणि रिकामे सापळे उतरवायचं आजच करतो, माझेही तीन लोंबतायत.

---

निळी शाई

मी जाळी लावली. काकडीच्या पट्ट्यांवर या महिन्यात एकही मोठी माशी नाही. फुलकिडे येतायत. पाऊलवाट, मनापासून आभार.

---

बांधावरची

रानजाई, डबीतल्या माश्यांचे फोटो टाका ना. ओळख पटवायला मजा येईल.

---

रानजाई

टाकते, उजेड चांगला मिळाला की.

एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी हिरव्या सापळ्याचा ल्यूर बदलायला गेले, तर ज्या दोरीने तो टांगलाय तिच्यावर निळ्या पट्ट्यांच्या चार माश्या एकाखाली एक, ओळीने. पाय सोडलेले, नुसत्या जबड्याने दोरी घट्ट चावून धरलेली. मेल्या की काय म्हणून जवळ गेले तर एकीच्या मिशा हलल्या. झोपल्या होत्या.

---

कीटकवेडा

ते नर असणार. नरांना घरटं नसतं, रात्री असेच काडीला किंवा दोरीला चावून झोपतात, आणि बरेचदा रोज त्याच जागी येतात. ल्यूर बदललात का मग?

---

रानजाई

नाही. आज दुपारी बदलला, त्या बाहेर गेल्यावर.